गल्लीतला रस्ता, फूटपाथ, चौक सुधारायचाय? मग शेजाऱ्यांना एस्टिमेट व्हायच्या आधी गोळा करा

रस्त्याचं काम सुरू झालं की आपल्याकडे चर्चा सुरू होते. जेसीबी आला, फूटपाथ उखडला, मग लोक खाली उतरतात आणि विचारतात की गेटसमोर एवढा उंच कर्ब (फूटपाथची कड) कशाला, झाडाच्या बुंध्याला सिमेंट का थापलं, आजोबा बसायचे तो बाक कुठे गेला. पण तोपर्यंत वर्क ऑर्डर निघालेली असते आणि जागेवरचा मुकादम फार तर चार ब्लॉक इकडचे तिकडे करू शकतो. खरा निर्णय कित्येक महिने आधी झालेला असतो, ऑफिसात बसून कुणीतरी एस्टिमेट, म्हणजे काय काय करायचं आणि किती खर्चात याचा हिशोब, केलं तेव्हाच. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते, लोकांना बोलवायचं ते एस्टिमेटच्या आधी. नंतर बोलवलं तर ती फक्त माहिती देण्याची मीटिंग असते, सहभाग नाही.

मी पुण्याच्या हिशोबाने लिहितेय कारण इथली पद्धत मला माहितीये. मुंबई, ठाणे, नाशिक, कोल्हापूर कुठेही ऑफिसांची नावं थोडी बदलतील पण क्रम साधारण हाच राहतो.

आधी कॅलेंडर समजून घ्या

महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि बजेट त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत ठरतं. पुण्यात २००६-०७ च्या बजेटपासून नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे, सहभागी अंदाजपत्रक म्हणतात त्याला, आणि त्याचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतात. एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा असते. फूटपाथचा तुकडा, दिवे, बाक, बस स्टॉपजवळची दुरुस्ती, कचऱ्याची जागा, असली कामं यात बसतात, पूर्ण रस्ता नाही बसत. तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, म्हणून जुलै संपला की क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे महापालिकेच्या आपल्या भागातल्या ऑफिसात, जाऊन विचारायची सवयच लावून घ्या.

आता मागून मोजा. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यायचा तर पाहणी जून-जुलैमध्येच व्हायला हवी, आणि ते चांगलंच आहे कारण पावसात रस्ता सगळं खरं सांगतो. पाणी कुठे तुंबतं, कोणतं चेंबर वर आलंय, कुठल्या कोपऱ्यावर लोक उडी मारून जातात हे मार्चमध्ये कितीही फिरलात तरी दिसणार नाही. थंडीत ट्रायल घ्या, म्हणजे रस्त्यावर तात्पुरती मांडणी करून बघा, आणि काम मंजूर झालं तर ते मे महिन्याच्या आत संपेल असा धोशा लावा.

एकच तुकडा निवडा

सगळा प्रभाग सुधारायला निघालात तर दिवाळीपर्यंत ग्रुपवर गुड मॉर्निंगच उरतं. दोनशे-तीनशे मीटरचा एक पट्टा घ्या, जिथे एखादी शाळा, दवाखाना, भाजीवाले किंवा बस स्टॉप आहे आणि रोज वेगवेगळे लोक येतात. असा तुकडा सुधारला की फरक पुष्कळ लोकांना दिसतो, आणि पुढच्या गल्लीतले लोक आपणहून विचारायला येतात.

रस्ता कोणाच्या ताब्यात आहे तेही आत्ताच विचारून ठेवा. पुण्यात १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात, त्याहून रुंद रस्ते पथ विभागाकडे. हे माहीत नसेल तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि वर्ष जातं.

कोण कोण आलं पाहिजे

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. मीटिंगला सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी येतात, सगळे साठीच्या आसपासचे, बहुतेक पुरुष, बहुतेकांकडे गाडी, आणि मग म्हणायचं की परिसरातल्या नागरिकांची मागणी आहे. त्यांना बोलवू नका असं मी म्हणत नाहीये, त्यांच्याशिवाय सह्या मिळत नाहीत आणि ते चिकाटीने पाठपुरावा करतात. पण फूटपाथ सगळ्यात जास्त वापरते ती सकाळी वस्तीतून चार घरची कामं करायला चालत येणारी बाई, शाळेची पोरं, त्यांना सोडायला आलेली आजी, स्टॉपवर उभी राहणारी कॉलेजची मुलं, वॉचमन, रिक्षा स्टँडवरचे काका, इस्त्रीवाले, भाजीवाले. यातले कितीतरी तुमच्या सोसायटीत राहत नाहीत पण दिवसातले तासन् तास तुमच्या रस्त्यावर असतात, आणि कुठला दिवा कधीपासून बंद आहे हे त्यांनाच नक्की माहीत असतं.

ते रविवारी अकराच्या मीटिंगला येणार नाहीत, त्यांची मजुरी बुडते. तुम्हीच त्यांच्याकडे जा. भाजीवाल्यांकडे दुपारी दोन-तीनला गर्दी नसते तेव्हा, घरकाम करणाऱ्या ताईंशी त्या परत निघतात तेव्हा पाच मिनिटं, शाळा सुटताना गेटवर. दोनच प्रश्न विचारा, या रस्त्यावर कुठे अडकता आणि कुठे थांबावंसं वाटतं. उत्तर त्यांच्याच शब्दात लिहून घ्या.

गणपती मंडळाला पहिल्या आठवड्यातच गाठा, अगदी आवर्जून. मांडव कुठे पडतो, मिरवणूक कुठून वळते, त्यासाठी किती रुंदी मोकळी लागते हे त्यांच्याकडून कागदावर घ्या. नाहीतर सुंदर फूटपाथ आणि पक्के बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) होतात आणि भाद्रपदात तेच उखडले जातात, शिवाय मांडवाच्या खांबांसाठी नव्या कोऱ्या रस्त्याला खड्डे पडतात. खांबांसाठी झाकणवाली नळकांडी रस्त्यातच बसवून घेता येतात, काढता येणारे बोलार्डही मिळतात, पण ते एस्टिमेटमध्ये आधी लिहिलेलं लागतं. आणि मंडळाची पोरं एकदा तुमच्या बाजूने झाली की मनुष्यबळाची चिंता मिटते.

चालत पाहणी

आठ-दहा जण पुरे. बरोबर मोजायची टेप, खडू, परिसराच्या नकाशाची मोठी प्रिंट आणि रंगीत पेनं. एकदा शाळेच्या वेळेला, एकदा संध्याकाळी सातच्या गर्दीत आणि एकदा रात्री दहाला फिरा, तिन्ही वेळा रस्ता वेगळाच असतो. रात्रीच्या फेरीत बायका आणि मुली जास्त असू द्या आणि कुठे पाय आपोआप भरभर पडतात ती जागा नकाशावर लाल करा. बहुतेक वेळा तिथे दिवा झाडाच्या फांदीत अडकलेला असतो किंवा दोन्ही बाजूला उंच कंपाउंड वॉल असते आणि एकही दुकान उघडं नसतं.

व्हीलचेअरवरच्या किंवा काठी घेऊन चालणाऱ्या कुणाला तरी बरोबर घ्याच, निदान बाबागाडी तरी ढकलत न्या. पहिल्या पन्नास मीटरमध्येच जेवढं कळतं तेवढं दहा मीटिंगमध्ये कळत नाही.

मोजायचं काय? फूटपाथची मोकळी रुंदी, म्हणजे विजेचा डीपी बॉक्स, खांब, झाड, दुकानाची पायरी वगळून खरोखर चालता येईल एवढी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीत राहत्या भागात कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीये आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको म्हटलंय, म्हणजे जेमतेम सहा इंच. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी फूटपाथ कंबरेइतका वाटतो, म्हणून म्हातारी माणसं त्यावर चढतच नाहीत आणि मग म्हणतात लोक फूटपाथ वापरत नाहीत. रॅम्पचा उतार १:१२ हवा, सहा इंच चढायला सहा फूट लांबी. हे आकडे पाठ करून ठेवा, इंजिनिअरसमोर "फूटपाथ बरोबर नाही" म्हणण्यापेक्षा "इथे मोकळी रुंदी ०.९ मीटर आहे" म्हटलं की बोलण्याचा सूरच बदलतो.

अजून एक सोपी गोष्ट, एका जागी पंधरा मिनिटं उभं राहून मोजा की किती जण फूटपाथवरून गेले आणि किती गाड्यांमधून वाट काढत. कॉलेजच्या मुलांना हे काम आवडतं. हेच आकडे नंतर ट्रायलच्या वेळी लागणार आहेत म्हणून वार आणि वेळ लिहून ठेवा.

मीटिंग घ्या, पण रस्त्यावर

क्लबहाउसमध्ये घेतली तर बाहेरचे लोक आत पाऊल टाकत नाहीत. संध्याकाळी त्याच रस्त्यावर, मंदिराच्या किंवा शाळेच्या बाजूला, सतरंजी आणि वीसेक खुर्च्या टाका, नकाशा भिंतीला लावा. जाता येता माणसं थांबतात, बोटाने दाखवतात, आपापसात वाद घालतात, आणि तेच तर हवंय.

"तुम्हाला काय हवंय" असा प्रश्न नका विचारू. उत्तर ठरलेलं आहे, स्पीड ब्रेकर आणि पार्किंग. त्याऐवजी पाहणीत सापडलेल्या जागांचे फोटो लावा आणि प्रत्येकाला तीन टिकल्या द्या, सगळ्यात आधी जिथे काम व्हावं वाटतं तिथे चिकटवायच्या. जो मोठ्याने बोलतो त्यालाही तीनच आणि जी कोपऱ्यात गप्प उभी आहे तिलाही तीनच. लहान मुलांना वेगळ्या रंगाच्या द्या. त्यांच्या टिकल्या हमखास वेगळ्याच जागी पडतात, कारण त्यांच्या उंचीवरून उभ्या गाड्यांच्या पलीकडचं दिसतच नाही.

पार्किंगवरून भांडण होणार, ते टाळता येत नाही म्हणून तयारी करून जा. आधीच्या आठवड्यात दोन-तीन वेळा मोजून ठेवा की किती गाड्या उभ्या असतात, त्यातल्या किती दिवसभर हलत नाहीत, आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या किती. दुकानदार म्हणतात की पार्किंग गेलं तर धंदा बसेल, त्यांची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. पण दुकानासमोरची जागा सकाळपासून रात्रीपर्यंत अडवणारी गाडी गिऱ्हाइकाची नसते हे आकड्यात दिसलं की दुकानदारच म्हणायला लागतो की बाबा इथे अर्ध्या तासाचं पार्किंग करा.

मीटिंगमध्ये काय ठरलं, कशावर एकमत झालं नाही, दोन्ही एका पानावर लिहा आणि त्याच रात्री ग्रुपवर टाका. वॉचमनच्या केबिनवर आणि चहाच्या टपरीवरही एक प्रिंट लावा, सगळे काही तुमच्या ग्रुपमध्ये नाहीत.

फक्की मारून ट्रायल

माझ्या मते हा या सगळ्यातला सगळ्यात ताकदीचा भाग आहे. ड्रॉइंग बहुतेकांना कळत नाही, पण रस्त्यावर फक्कीने (पांढऱ्या पावडरीने) रेघ मारली आणि ट्रॅफिकचे कोन ठेवले की आजींनाही कळतं की फूटपाथ इथपर्यंत येणार. औंधमध्ये रस्त्याचं पक्कं काम करायच्या आधी २०१६ मध्ये तात्पुरती रचना करून बघितली होती. लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन केला, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. एवढ्या गजबजलेल्या बाजाराच्या रस्त्यावर हे होऊ शकतं तर तुमच्या गल्लीतल्या एका वळणावर नक्की होऊ शकतं.

परवानगी दोन ठिकाणी मागायची, क्षेत्रीय कार्यालय आणि वाहतूक पोलीस. अर्जात तारीख, वेळ, कुठून कुठे, ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडची गाडी कशी जाईल, किती स्वयंसेवक उभे राहतील हे सगळं स्केचसकट लिहा. परवानगीशिवाय चालत्या रस्त्यावर काही ठेवू नका, कुणी धडकलं तर पुढची सगळी वर्षं वाया जातात.

सामान स्वस्तातलं चालतं. फक्की, रंगवलेले ड्रम, मंडळाकडचे बॅरिकेड, सोसायटीतल्या कुंड्या, शाळेतले बाक. वळणावरचा कोपरा पुढे आणून गाड्यांचा वेग कमी होतो का, क्रॉस करायचं अंतर कमी होतं का, पाण्याचा टँकर वळतो का, स्कूल बस वळते का, हे बघा. नुसत्या रविवारी करून थांबू नका, रविवारी सगळंच छान वाटतं. निदान एक कामाचा दिवस हवाच, तोही शाळा चालू असताना. आणि आधी मोजलं होतं त्याच जागी त्याच वेळेला परत मोजा. जे जमलं नाही ते तिथल्या तिथे हलवा, फक्की पुसता येते, काँक्रीट नाही.

ट्रायलला कनिष्ठ अभियंत्याला, म्हणजे जेईला, बोलवा आणि तासभर थांबवून घ्या. खूपसे जेई मनापासून काम करतात पण एकाच माणसाकडे भलामोठा भाग असतो, त्यांना आयतं मोजमाप आणि फोटो मिळाले तर ते वापरतात.

कागद

अर्ज सहाय्यक आयुक्तांच्या नावे क्षेत्रीय कार्यालयात, सोबत नकाशा, मोजमापं, सह्या; थंडीत ट्रायल झाली की तिचे आधीचे-नंतरचे आकडे पुढच्या पत्रासोबत द्या. दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढच्या प्रत्येक पत्रात तो नंबर आणि तारीख लिहायची. तोंडी आश्वासनाला ऑफिसात काही किंमत नसते, बदली झाली की विषय संपला.

नगरसेवकांना सुरुवातीपासून कळवत राहा. पुण्यात त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची "स" यादी असते, मोठं काम त्यातून जाऊ शकतं. पण सगळा भार एकाच नगरसेवकावर टाकू नका. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुण्यात बरीच वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या हातात होतं, आणि ज्या गल्ल्यांचे कागद आवक नंबरसकट तयार होते त्यांनाच तेव्हा बोलायला जागा होती.

काम मंजूर झालं की माहिती अधिकारात एस्टिमेट, ड्रॉइंग, वर्क ऑर्डर आणि टेंडरमधला दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर काँट्रॅक्टरने ते स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. अख्ख्या फायलीच्या झेरॉक्स मागण्यापेक्षा फाइल बघायला मागा, पहिल्या तासाला फी नाही, आणि हवी तीच पानं घ्या. एस्टिमेट आलं की तुमच्या यादीशी ताडून बघा. बाक गायब असतील, रॅम्प गायब असेल, तर बदल मागायची वेळ तीच.

हक्काची भाषा वापरायची वेळ आली तर मे २०२५ मधला सुप्रीम कोर्टाचा आदेश लक्षात ठेवा, फूटपाथवरून सुरक्षित चालता येणं हे घटनेच्या कलम २१ मध्ये येतं असं त्यात म्हटलंय.

भाजीवाले आणि झाडं

"आधी हे फेरीवाले हटवा" ही मागणी प्रत्येक मीटिंगमध्ये येते. मला ती पटत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्व्हे पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिल्याशिवाय विक्रेत्यांना उठवता येत नाही, आणि फेरीवाल्यांचे प्रश्न बघणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच लागतात, त्यातही एक तृतीयांश बायका. त्यापेक्षा ड्रॉइंगमध्येच त्यांची जागा आखा, चालायची १.८ मीटर पट्टी मोकळी सोडून झाडांच्या रांगेत त्यांच्या हातगाड्या बसतात. संध्याकाळी रस्ता जागता राहतो तो त्यांच्याच दिव्यांमुळे, नकाशावरच्या लाल जागा आठवा.

झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, काँट्रॅक्टरला परस्पर काही करता येत नाही. आणि बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा काँक्रीटशिवाय ठेवा असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात दिलाय, त्याची प्रत जेईंना द्या आणि एस्टिमेटमध्ये आळी काढायची ओळ टाकून घ्या.

काम चालू असताना

काम सुरू व्हायच्या आधी महावितरण, पाणीपुरवठा, ड्रेनेज, गॅस आणि केबलवाल्यांना एकत्र पत्र जाऊ दे की खोदायचं असेल तर आत्ता खोदा. आणि फूटपाथखाली रिकामे डक्ट (केबल ओढायचे पाइप) टाकून घ्या, म्हणजे पुढच्या केबलसाठी फोडाफोड नको.

तीन-चार जणांनी पाळी लावून रोज एक चक्कर मारावी. चेंबरचं झाकण फूटपाथच्या लेव्हलला आहे ना, पाण्याचा उतार गटाराकडे आहे ना की कुणाच्या गेटकडे, प्रत्येक गेटपाशी फूटपाथ खाली उतरवून परत चढवत तर नाहीयेत ना. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, चालणाऱ्याची पातळी सलग राहिली पाहिजे आणि गाडीने वर चढून आत जायचं. चूक दिसली तर फोटो काढून त्याच दिवशी जेईंना लेखी कळवा. मजुरांवर ओरडू नका, ते सांगितलेलं काम करतात. त्यांना प्यायचं पाणी आणि टॉयलेटची सोय सोसायटीने करून द्यावी, ही साधी माणुसकी आहे. बिल निघायच्या आधी मोजमाप पुस्तकात नोंद होते, त्या मोजणीच्या वेळी आपलं माणूस हजर राहू दे अशी विनंती आधीच करून ठेवा.

झाल्यानंतर

मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी कचऱ्यापासून सुरुवात केली आणि १९९७ च्या सुमारास त्यातूनच महापालिकेची एएलएम योजना (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, रहिवाशांनी महापालिकेसोबत आपला परिसर सांभाळायची) उभी राहिली, पुढे ती शहरभर गेली. योजना कागदावर राहते, पण ती चालते तिथे रोज लक्ष घालणारी चार माणसं असतात. झाडांना पाणी कोण घालणार, बंद दिव्याची तक्रार कोण टाकणार, नावं आधीच ठरवा आणि दर सहा महिन्यांनी बदला, एकाच माणसाच्या गळ्यात राहिलं की तो कंटाळतो किंवा मालक होतो.

मालकीची भावना वाढली की कुणीतरी बाकावर "फक्त रहिवाशांसाठी" असा बोर्ड लावायला निघतं, रात्री पोरं बसतात म्हणून बाकच काढायचं म्हणतं. तिथे ठाम राहा. जागा सार्वजनिक पैशातून झालीये, सगळ्यांची आहे. पोरांशी जाऊन बोला, दिवा वाढवा, बाक दोन लहान गटांत बसता येईल असे फिरवा, पण काढू नका.

पहिल्या पावसात परत टेप आणि खडू घेऊन फिरा. ब्लॉक खचलेत का, पाणी साचतंय का, चेंबर दबलंय का, सगळ्याचे तारखेसकट फोटो घेऊन दोष दायित्व कालावधी संपायच्या आत लेखी तक्रार द्या, आवक नंबर घेऊन. त्या मुदतीतली दुरुस्ती काँट्रॅक्टरने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि तुम्ही तक्रार दिली नाही तर तीच दुरुस्ती पुढच्या बजेटमध्ये नवीन काम म्हणून येते.